न कुडकुडता नवजात बाळ ऊब कशी निर्माण करते? तपकिरी मेद आणि त्यावरील मेंदूचा ताबा

खाडीकाठची परिचारिका

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे साधी बाळंतपणे होतात, गुंतागुंतीची पुढे पाठवली जातात. गेल्या आषाढात एका रात्री जोराचा पाऊस असताना एक बाळ जन्मले. वजन चांगले होते, रडणेही खणखणीत होते. मात्र त्याच वेळी वीज गेली, वॉर्मर बंद पडला आणि आईचा रक्तस्राव आवरण्याच्या धावपळीत बाळ काही काळ ओल्या दुपट्यातच राहिले. नंतर काखेत तापमापक लावला तेव्हा पारा ३५.८ अंश सेल्सिअस दाखवत होता. बाळ कुडकुडत नव्हते आणि रडतही नव्हते. तळहात आणि तळपाय गार होते, पोटही गार लागू लागले होते. परंतु त्याला उचलताना माझा हात पाठीवर दोन्ही फऱ्यांच्या मधोमध गेला, तेव्हा तेवढीच जागा इतर अंगाच्या मानाने उबदार लागली. कोरडे करून आईच्या छातीशी उघडे ठेवले, वरून दोघांवर पांघरूण घातले आणि बाळ सावरले.

प्रशिक्षणात आम्हाला तपकिरी मेदाविषयी एका ओळीत सांगितले होते, त्यापुढे काही नाही. म्हणून विचारते. ती ऊब या मेदाचीच होती का? हा मेद स्वतःला गारठा लागला म्हणून पेटतो, की त्याला मेंदूकडून हुकूम येतो? हुकूम येत असेल तर तो कोणत्या वाटेने येतो? आणखी एक शंका आहे. बाळाची आजी मला म्हणाली, "आपल्या कोकणात कसली आली आहे थंडी?" त्या क्षणी तिला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

वाशिष्ठीकाठ

ताई, तुमच्या हाताला लागलेली ऊब तपकिरी मेदाचीच होती. नवजात बाळाच्या मानेत, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, काखेत, मूत्रपिंडांभोवती आणि छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने हा मेद असतो. थंडी लागलेल्या बाळाच्या पाठीवरील त्या जागेची त्वचा आसपासच्या त्वचेपेक्षा उबदार राहते, हे मोजूनही पाहिलेले आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आहे आणि हा माझ्या विशेष आवडीचा विषय असल्याने उत्तर थोडे लांबेल.

पांढरा मेद ऊर्जा साठवतो आणि तपकिरी मेद ती जाळून उष्णता करतो. त्याचा रंग तंतुकणिकांमधील (म्हणजे पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमधील) लोहयुक्त प्रथिनांमुळे आणि दाट केशवाहिन्यांमुळे येतो. कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकाने १५५१ साली मार्मोट या प्राण्याच्या पाठीत हा भाग पाहिला होता, परंतु त्याचे काम काय हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. प्रत्येक पेशीत अन्नाचे ज्वलन होताना तंतुकणिकेच्या आतील पटलापलीकडे प्रोटॉन साठवले जातात, आणि ते परत येताना एटीपी, म्हणजे पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होते. खारभूमीच्या बांधामागे पाणी चढवून ते चक्कीच्या वाटेने सोडले तर चक्की फिरेल, पण बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडपच, वर केली तर तेच पाणी काहीही काम न करता वाहून जाईल. तपकिरी मेदाच्या तंतुकणिकांत यूसीपी-१ नावाचे प्रथिन अशा उघाडीचे काम करते. प्रोटॉन त्यातून परततात, एटीपी बनत नाही आणि जळालेल्या मेदाची जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. हे प्रथिन एरवी बंद असते. पेशीतील एटीपीसारखे रेणू त्याला बंद ठेवतात आणि मोकळी झालेली मेदाम्ले त्याला उघडतात.

ही मेदाम्ले कोणाच्या सांगण्यावरून मोकळी होतात, हा तुमचा खरा प्रश्न आहे. तपकिरी मेदाच्या पेशींपर्यंत अनुकंपी चेतासंस्थेचे, म्हणजे आपल्या इच्छेविना शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेचे, बारीक तंतू पोहोचलेले असतात आणि त्यांच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन सुटते. ते पेशीवरील बीटा ग्राहींना (ग्राही म्हणजे संदेश टिपणारे प्रथिन) चिकटले की पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते, साठलेल्या मेदाचे थेंब फुटतात आणि त्यातून निघालेली मेदाम्ले इंधनही ठरतात आणि यूसीपी-१ उघडणारी किल्लीही ठरतात. प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये या मेदाच्या एका बाजूच्या चेता कापल्या, तर थंडीत ठेवूनही त्या बाजूला नीट उष्णता निर्माण होत नाही, तेथील यूसीपी-१ घटते आणि मेद फिकट पडू लागतो. रक्त तेच, थंडी तीच, प्राणीही तोच. फक्त चेता नाही. म्हणून हुकूम मेंदूचा आहे असे मी निःशंकपणे म्हणतो.

आता वाट. त्वचेतील चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम-८ नावाचा ग्राही असतो, जो गारव्याने उघडतो आणि पुदिन्यातील मेंथॉलनेही उघडतो. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांच्या गटांनी तो स्वतंत्रपणे शोधला. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहींवरील कामासाठी या दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेथून संदेश मेरुरज्जूत येतो आणि त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा मेंदूच्या मध्यातील थॅलॅमसमधून प्रमस्तिष्काकडे, म्हणजे वरच्या मोठ्या मेंदूकडे, जातो आणि आपल्याला 'गार लागते आहे' अशी जाणीव होते. दुसरा फाटा मेंदूच्या देठातील (मस्तिष्कस्तंभातील) पॅराब्रॅकियल केंद्रक या चेतापेशींच्या पुंजक्यातून हायपोथॅलॅमस या शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या भागाच्या पुढच्या टोकाशी, म्हणजे प्रीऑप्टिक भागात पोहोचतो. काझुहिरो नाकामुरा आणि शॉन मॉरिसन यांनी २००८ मध्ये दाखवले की उंदरात थॅलॅमसची वाट निकामी केली तरी त्वचा गार केल्यावर तपकिरी मेद पेटतोच. उष्णता निर्माण करण्यासाठी गारठ्याची जाणीव होण्याची गरजच नसते. तुमचे बाळ शांत दिसत होते आणि त्याच वेळी त्याची पाठ तापत होती, यात म्हणून काही विसंगती नाही.

प्रीऑप्टिक भागात शरीर पुरेसे उबदार असताना सक्रिय राहणाऱ्या चेतापेशी असतात. प्रचलित मांडणीनुसार त्या हायपोथॅलॅमसच्या पृष्ठमध्य भागातील चेतापेशींना सतत दाबून ठेवतात. गारठ्याचा संदेश आला की हा दाब सैल होतो, पृष्ठमध्य भाग जागा होतो आणि तो मस्तिष्कपुच्छातील, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकातील, रॅफे पॅलिडस या लहानशा केंद्रकाला चेतवतो. तेथील चेतापेशी मेरुरज्जूच्या छातीच्या भागातील अनुकंपी पेशींना, त्या कण्याशेजारच्या चेतागुच्छिकांना (चेतापेशींच्या गाठींना) आणि गुच्छिकांमधून निघालेले तंतू मेदाला हुकूम पोहोचवतात. ही साखळी शोधण्याची एक पद्धत फार सुंदर आहे. चेतापेशींतून उलट दिशेने सरकणारा स्यूडोरेबीज विषाणू तपकिरी मेदात टोचतात आणि तो एकेक टप्पा मागे सरकत मेंदूत कोठे कोठे उमटतो ते पाहतात. रॅफे पॅलिडसमधील पेशी औषधाने निष्क्रिय केल्या तर थंडीतही मेद पेटत नाही. उलट, तेथील दाब काढून टाकला तर थंडी नसतानाही तो पेटतो.

मला या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. मेंदू थंडीत नव्याने जोर लावतो त्यापेक्षा एरवी धरून ठेवलेले सोडतो. इतक्या खर्चिक ऊतीला सतत आवरून धरणे आणि क्षणात मोकळे करणे, दोन्ही जमले पाहिजे. रॅफे पॅलिडस आणि त्याच्या आसपासचा भाग त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसण्याचाही हुकूम देतो, आणि मोठ्यांमध्ये कुडकुडण्याची आज्ञाही त्याच परिसरातून निघते. गार तळहात आणि उबदार पाठ ही एकाच आदेशाची दोन रूपे होती. बाहेरच्या कातडीचे रक्त आत ओढून घेतले गेले आणि आतली ऊब वाढवली गेली. स्नायूंचे कुडकुडणे नवजात बाळात फारसे उपयोगी पडत नाही, त्यामुळे त्याची भिस्त या मेदावरच असते.

सावंतवाडीकर

वाशिष्ठीकाठ सरांच्या उत्तराला मोठ्या माणसांच्या बाजूने थोडी जोड देतो. मी मुंबईत पेट-सीटी (शरीराच्या आतील हालचाल दाखवणारी स्कॅन तपासणी) विभागात तंत्रज्ञ आहे. कर्करोगाच्या तपासणीसाठी रुग्णाला किरणोत्सारी ग्लुकोज देतात आणि जी ऊती अधिक ग्लुकोज खाते ती चित्रात उजळ दिसते. काही रुग्णांच्या, विशेषतः सडपातळ तरुण मुलींच्या चित्रात मानेच्या दोन्ही बाजूंना, गळपट्टीच्या हाडावर आणि कण्याच्या कडेने सारखे उजळलेले पट्टे दिसतात. गाठी असत्या तर त्या बहुधा दोन्ही बाजूंना इतक्या समान नसत्या, आणि सीटीवर तेथे फक्त मेद दिसतो. तो तपकिरी मेदच असतो. मोठ्यांमध्ये तो उरत नाही असे अनेक वर्षे मानले जात होते. २००९ मध्ये बोस्टन, मास्ट्रिक्ट आणि तुर्कू येथील गटांचे तीन शोधनिबंध एकाच वेळी आले आणि तो समज मोडला. बोस्टनच्या पाहणीत १,९७२ रुग्णांपैकी ७.५ टक्के स्त्रियांमध्ये आणि ३.१ टक्के पुरुषांमध्ये तो सक्रिय दिसला. लक्षात घ्या, ही फक्त त्या वेळी पेटलेल्या मेदाची टक्केवारी आहे. मुद्दाम गारव्यात ठेवून पाहिले तर तो कितीतरी अधिक जणांत दिसतो.

या मेदाचे उजळणे निदानात गोंधळ करते, म्हणून इंजेक्शनच्या आधीपासून आम्ही रुग्णाला ब्लँकेट देतो आणि वातानुकूलन कमी ठेवतो. काही ठिकाणी डॉक्टर प्रोप्रॅनोलोलची मात्राही देतात. हे औषध बीटा ग्राही अडवते. हुकूम निघाला तरी पेशीला तो ऐकू जात नाही आणि पुढच्या चित्रात मान स्वच्छ येते. चेतांच्या ताब्याचा हा पुरावा माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर येतो, आणि दर वेळी तो पाहताना मला खरोखर नवल वाटते.

आंबेवाला

सर्वांची उत्तरे मनापासून वाचली. माझे वजन वाढलेले आहे आणि मधुमेहाची सुरुवात आहे. हा मेद औषधाने पेटता ठेवून वजन उतरवता येईल का? इंटरनेटवर त्यासाठी बर्फाच्या पाण्याने अंघोळ करा असे सांगणारे पुष्कळ आहेत.

वाशिष्ठीकाठ

आंबेवाला दादा, संशोधन चालू आहे, पण आज या मार्गाने वजन उतरवण्याचा भरवशाचा उपचार उपलब्ध नाही. मूत्राशयाच्या तक्रारीसाठी वापरले जाणारे मिराबेग्रॉन हे औषध बीटा-३ ग्राहींना चेतवते, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०० मिलिग्रॅम मात्रेने तरुण पुरुषांमधील तपकिरी मेद सक्रिय झाला. परंतु ही मात्रा नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पुढे आहे आणि तेवढ्याने हृदयाचे ठोकेही वाढतात. माणसात हे काम मुख्यतः बीटा-३ ग्राही करतात की बीटा-२, यावरही संशोधकांत मतभेद आहेत. प्रोप्रॅनोलोल बीटा-३ ला फारसे अडवत नाही आणि तरीही सावंतवाडीकरांच्या रुग्णांची मान स्वच्छ होते, हे त्या वादात लक्षात घेण्यासारखे आहे.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. डायनायट्रोफिनॉल नावाचे रसायन प्रोटॉनची तीच गळती सगळ्या शरीरातील पेशींत घडवते. १९३३ पासून अमेरिकेत ते वजन कमी करण्यासाठी वापरले गेले, लोक शरीर तापून मेले, कित्येकांना मोतीबिंदू झाला आणि १९३८ मध्ये त्याचा तो वापर थांबवावा लागला. तरी आजही ते चोरून विकले जाते. त्याच्या उष्णतेवर मेंदूचा काहीही ताबा नसतो. शरीर कितीही तापले तरी प्रीऑप्टिक भागाला ते आवरता येत नाही. कोणी ते पुढे केले तर हातही लावू नका. बर्फाच्या अंघोळीने रक्तदाब एकदम चढतो, त्यामुळे मधुमेहात आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोही प्रयोग नको.

किनाऱ्यावरचा बालरोगतज्ज्ञ

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे.

पूर्ण दिवसांच्या उघड्या बाळाला पहिल्या दिवशी जादा उष्णता निर्माण करावी लागू नये, तर भोवतालचे तापमान ३२ ते ३४ अंशांच्या आसपास लागते. आपल्याकडे पावसाळी रात्री हवा २४-२५ अंशांवर येते. आपल्याला ती सुखद वाटते, पण नऊ महिने ३७ अंशांत राहिलेल्या जिवासाठी ती गारच असते. त्यातून अंग ओले. एक ग्रॅम पाणी त्वचेवरून सुकताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता नेते, आणि तीन किलोच्या बाळाचे तापमान एका अंशाने उतरायला साधारण १०.५ किलोज्यूल पुरतात. म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आत, एका चहाच्या चमच्यात मावेल एवढे पाणी अंगावरच सुकले, तरी एका अंशाची उष्णता गेली. पावसात हवा दमट असल्याने अंग हळू सुकते हे खरे, परंतु बाळाची त्वचा हवेपेक्षा पुष्कळ उबदार असल्यामुळे सुकणे थांबत नाही, आणि पंखा चालू असेल तर ते वेगाने होते. आजींना सांगा की कोकणात थंडी नाही, पण ओलावा आहे, आणि बाळाला तोच बाधतो. म्हणूनच जन्मानंतर किमान २४ तास न्हाऊ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेक-शेगडीची हौस त्यानंतर पुरवता येते, तीही धूर कोंडणार नाही अशा बेताने.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते, कारण ती वेळेवर न ओळखल्याने बाळे हातची जातात. तपकिरी मेद पेटला की तो प्राणवायू आणि साखर झपाट्याने खर्च करतो. उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे की रक्तातील प्राणवायू घटला, की मानेतील कॅरोटिड पिंड तो संदेश मेंदूकडे पाठवतात आणि मेंदू तपकिरी मेदाला जाणारा चेतासंदेश थांबवतो, मग अंग गार असले तरी. मेंदूला ग्लुकोज कमी पडले तरीही हेच घडते. टंचाईत खर्च थांबवण्याचा हा निर्णय शरीराच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे, पण नवजात बाळाच्या बाबतीत त्याने दुष्टचक्र सुरू होते. बाळ गारठते, ऊब करताना साखर आणि प्राणवायू खर्ची पडतात, ते घटले की मेंदू ऊब करण्याचा हुकूम मागे घेतो आणि बाळ आणखी गारठते. जन्मतः गुदमरलेले बाळ म्हणूनच इतके लवकर थंड पडते. कमी दिवसांच्या बाळांत तर हा मेदच थोडा असतो, कारण तो गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत भरत जातो. वाफेवाटे दिली जाणारी भुलीची औषधेही या मेदाची उष्णता दाबतात, त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी नेलेल्या बाळाला बाहेरून ऊब देण्यावाचून गत्यंतर नसते.

पोटातील बाळाचा हा मेद शांत का असतो, याचेही उत्तर मेंढीच्या गर्भावरील प्रयोगांतून मिळाले आहे. वारेतून येणारे काही घटक, त्यांत प्रोस्टाग्लॅंडिन आणि ॲडेनोसिन यांचा समावेश असावा, या मेदाला दाबून ठेवतात. नाळ बंद झाली की तो दाब जातो आणि उष्णता सुरू होते.

तेव्हा ताई, जे बाळ कुडकुडत नाही ते सुखात आहे असे कधीही समजू नये. ते मुकाट्याने आपली साखर जाळत असते. तुम्ही त्याला कोरडे करून आईच्या छातीशी ठेवलेत ते अगदी योग्य केलेत, कारण आईच्या अंगाची ऊब मिळाली की मेंदूला हुकूम द्यावा लागत नाही. त्याबरोबर पहिल्या तासात अंगावर पाजणेही हवे, म्हणजे खर्च झालेले भरून येते.

खाडीकाठची परिचारिका

डॉक्टर, वाशिष्ठीकाठ सर, सावंतवाडीकर, सर्वांचे मनापासून आभार. 'ओलावा बाधतो' हे वाक्य मी आशाताईंच्या पुढच्या बैठकीत सांगणार आहे. एक शेवटची शंका. तापात हाच मेद पेटतो का? पावसाळ्यात आमच्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि मलेरियाचे रुग्ण अंगात ताप असताना हुडहुडी भरून येतात. मग जंतुसंसर्ग झालेले नवजात बाळ कधी कधी तापण्याऐवजी गार कसे पडते?

किनाऱ्यावरचा बालरोगतज्ज्ञ

तापातही वाट तीच असते, तिची सुरुवात मात्र त्वचेवरून होत नाही. जंतुसंसर्गात प्रतिकारपेशींनी सोडलेल्या द्रव्यांमुळे मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लॅंडिन ई-२ तयार होते. ते प्रीऑप्टिक भागातील ईपी-३ ग्राहींना चिकटते आणि तेथील चेतापेशींनी ठेवलेला दाब सैल करते. त्यापुढे पृष्ठमध्य भाग, रॅफे पॅलिडस आणि अनुकंपी चेता हा क्रम वाशिष्ठीकाठ सरांनी लिहिला तसाच चालतो. त्वचा गार नसतानाही शरीर गारठ्यात असल्यासारखे वागते. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते, आणि तपकिरी मेद असेल तर तोही कामाला लागतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लॅंडिनची निर्मिती कमी करून ताप उतरवते. उन्हाच्या झटक्यात प्रोस्टाग्लॅंडिनचा संबंध नसल्याने तेथे ते कामी येत नाही.

नवजात बाळाची अडचण अशी की ताप चढवायला जेवढे इंधन लागते तेवढे आजारी बाळाजवळ नसते. ते दूध ओढत नाही, साखर घटते, श्वासाचा त्रास असेल तर प्राणवायूही कमी पडतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे हुकूमच मागे घेतला जातो. म्हणून काखेतील तापमान ३७.५ अंश किंवा त्याहून अधिक असणे हे जसे धोक्याचे लक्षण आहे, तसेच ते ३५.५ च्या खाली जाणे हेही आहे. बाळाला कोरडे करून, आईच्या उघड्या छातीशी ठेवून आणि पाजूनही तासाभरात तापमान वर येत नसेल, किंवा बाळ ओढून पीत नसेल, तर ते फक्त गारठले आहे असे धरून चालू नका. जंतुसंसर्गाचा संशय धरून त्याला आईच्या छातीशी तसेच ठेवत जिल्हा रुग्णालयात पाठवा, आणि चिठ्ठीत तापमान कोणत्या वेळी किती होते ते लिहा. पुढे पाहणाऱ्या डॉक्टरांना त्या आकड्यांवरून पुष्कळ कळते.